बातमी ठरते त्या टेबलाशी आम्हालाही बसवा

वृत्तपत्रांचे संपादक, वृत्तसंपादक आणि पान लावणारे सर्व सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

सकाळी तुमची बैठक होते. कोणती बातमी कोणाकडे द्यायची, कोणती उद्यावर टाकायची, पहिल्या पानावर साधारण काय जाईल, हे तिथे ठरतं. बातमीदार असतात, वृत्तसंपादक असतात, कधी जाहिरात विभागातलंही कोणी जागा सांगून जातं. छायाचित्रकार मात्र बहुतेक ठिकाणी त्या खोलीत नसतो. तो एव्हाना रस्त्यावर असतो. बैठक उठली की त्याच्या मोबाइलवर एक ओळ येते: ठिकाण, वेळ आणि ‘फोटो पाहिजे’. बातमी काय आहे, आजच का आहे, वादाचा मुद्दा कुठला, यातलं काहीही त्या ओळीत नसतं.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. आमच्या तक्रारी तशा बऱ्याच आहेत. पगार, कॅमेऱ्याचा विमा, सुट्ट्या, दोन कॅमेरे आणि दीड-दीड किलोच्या लेन्स खांद्यावर वागवून जडलेली पाठदुखी. त्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्यासाठी आमच्या संघटना भांडत आल्या आहेत. आज मागणी एकच करतो: बातमी ठरते तेव्हा आम्हाला तिथे असू द्या. बातमी लिहून होत आली, पानावर जागा रिकामी दिसली, म्हणून आमची आठवण काढू नका.

तुमच्यापैकी बरेच जण लेखणी हातात घेऊन इथवर आले आहेत, त्यामुळे आमचा दिवस तुम्ही फारसा जवळून पाहिलेला नसतो. सकाळी अपघाताची जागा, दुपारी पत्रकार परिषद, चारच्या सुमारास ‘हवामानाचा एखादा फोटो बघ’ असा निरोप, संध्याकाळी सामना, आणि रात्री पान सोडायची वेळ जवळ आली असताना कुठेतरी लागलेली आग. हे सगळं एकाच माणसाच्या एकाच दिवसात येऊ शकतं. प्रत्येक ठिकाणी प्रकाश वेगळा, आणि माणसांची मनःस्थिती तर अगदीच वेगळी. अपघाताच्या जागी लोक कॅमेरा पाहून अंगावर येतात. उद्घाटनाला कॅमेरा पोचला नाही म्हणून फीत कापायची थांबवून ठेवतात. सामन्याला आम्ही गोलच्या मागे जमिनीवर बसतो, लॅपटॉप शेजारी उघडा, आणि मध्यंतराच्या आत पहिले फोटो ऑफिसात पोचवतो, कारण पहिल्या आवृत्तीचं पान सामना संपायची वाट पाहत नाही. उत्तरार्धात गोल झाला आणि त्या वेळी मान लॅपटॉपमध्ये असली तर तो गोल गेला. तो पुन्हा होत नाही.

पत्रकार परिषदेचंच उदाहरण घेतो, कारण आमचा पुष्कळ वेळ तिथे जातो आणि तिथलेच फोटो सगळ्यांत निर्जीव छापले जातात. लांब टेबल, मागे पाच-सहा खुर्च्या, समोर बाटल्या आणि माइकची गर्दी, त्यात बोलणाऱ्याची हनुवटी झाकलेली. वर एलईडी दिवे. डोळ्यांना ते स्थिर दिसतात, पण त्यांतले बरेचसे विजेच्या लयीत लुकलुकत असतात, आणि शटर जरा वेगात ठेवलं की फोटोवर काळपट पट्टे उमटतात. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर सेकंदाच्या १/१०० किंवा १/५० वर आणावं लागतं. मग बोलताना हात हलला की हात पुसट येतो. म्हणून आम्ही वाक्य संपायची वाट पाहतो. मुद्दा मांडून झाला की माणूस क्षणभर थांबतो, समोर बघतो. त्या क्षणी चेहऱ्यावर जे असतं ते घ्यायचं असतं.

इथपर्यंत सगळं आमचं काम, त्याची तक्रार नाही. पण त्या टेबलाच्या अगदी टोकाला एक अधिकारी बसलेला असतो. आज जाहीर होणाऱ्या निर्णयाला त्याचा विरोध होता, हे तुमच्या बातमीदाराला आदल्या रात्रीपासून माहीत असतं. बैठकीतही ते बोलून झालेलं असतं. छायाचित्रकाराला कोणी सांगितलेलं नसतं. त्याचं लक्ष मधल्या खुर्चीवर, कारण त्याला आलेल्या ओळीत नाव मधल्या खुर्चीचं होतं. रात्री बातमी उभी राहते ती टोकाच्या खुर्चीवर, आणि डेस्कवरून फोन येतो, ‘त्याचा एकट्याचा आहे का रे?’ असलाच तर तो सगळ्यांच्या फोटोतून कापून मोठा केलेला, डोळे अर्धवट मिटलेला असा असतो. सकाळी दोन वाक्यं सांगितली असती, तर मधला माणूस घोषणा करत असताना टोकाच्या माणसाचा चेहरा कसा होता हे वाचकाला दिसलं असतं. माझ्या मते खरी बातमी तिथे होती.

न्यायालयाबाहेर असंच. पुष्कळ देशांत आत कॅमेरा नेता येत नाही. इंग्लंडमध्ये तर न्यायालयात फोटो काढणं १९२५ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलेलं आहे. त्यामुळे आमच्या वाट्याला येतं ते फाटक, आणि फाटकापासून गाडीपर्यंतची काही पावलं. त्या पावलांसाठी तासन् तास उभं राहायची आमची तयारी असते. पण इमारतीला फाटकं दोन असतात. आरोपीला मागच्या बाजूने नेणार आहेत, हे वकिलाने बातमीदाराच्या कानावर घातलेलं असतं आणि बातमीदार ते मनातच ठेवतो. मुद्दाम नाही. छायाचित्रकार आपल्याच बातमीवर काम करतो आहे, हे त्याच्या डोक्यात येत नाही, कारण वृत्तकक्षाची घडीच तशी बसलेली आहे. ती तुम्ही बसवलेली आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते दुःखाच्या घरी.

एका तरुण मुलाचा कामावर असताना मृत्यू झाला होता. मला आलेली ओळ नेहमीसारखीच: पत्ता, आणि ‘कुटुंबाचा फोटो, लवकर’. घरच्यांशी कोणी बोललं आहे का, त्यांची हरकत आहे का, घरात कोण कोण आहे, काही कळवलेलं नव्हतं. दाराशी पोचल्यावर मी दोन्ही कॅमेरे बॅगेत ठेवले. मुलाच्या काकांनी कोण म्हणून विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले, बसा. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मुलाची आई मोबाइल हातात धरून बसली होती, स्क्रीनवर मुलाचा फोटो. थोड्या थोड्या वेळाने स्क्रीन अंधुक व्हायची, आणि पुरती विझायच्या आत ती अंगठा टेकवायची. उजेड यायचा. पुन्हा अंधुक. पुन्हा अंगठा. तेवढ्या वेळात माझा फोन खिशात सारखा थरथरत होता: ‘झालं का?’, ‘पाठव’, ‘घराचा बाहेरून चालेल’. मी फोन बंद केला. काकांना विचारलं, काकांनी आईला विचारलं, तिने मान हलवली. मग फ्लॅश न लावता मी तिच्या हाताचा आणि त्या स्क्रीनचा फोटो घेतला. तिचा चेहरा त्यात नाही.

फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. सिंगल कॉलम. स्क्रीनवर काय आहे ते त्या आकारात कळतच नव्हतं. कोणी वाईट हेतूने केलं नव्हतं. त्या पानावर कुटुंबाच्या फोटोसाठी सकाळीच तेवढी जागा धरून ठेवली होती, आणि संध्याकाळी हाती काय आलं आहे हे उघडून बघायला कोणाला सवड नव्हती. आईने परवानगी दिली ती वाचकांनी बघावं म्हणून. तिला आपण काय दिलं?

अमेरिकेत १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल प्रेस फोटोग्राफर्स असोसिएशनच्या आचारसंहितेत याबद्दल एक कलम आहे. त्याचा आशय असा की, कोणाच्या खासगी दुःखाच्या क्षणी शिरायचं ते लोकांना ते पाहण्याची तशीच मोठी आणि समर्थनीय गरज असेल तेव्हाच. मला हे कलम पूर्ण मान्य आहे. पण बातमीच माहीत नसेल तर अशी गरज आहे की नाही, हे दारात उभ्या असलेल्या माणसाने कशावरून ठरवायचं? तो मुलगा निष्काळजीपणामुळे गेला का, आधी कोणी तक्रार केली होती का, कुटुंबाला हे लोकांपुढे यायला हवं आहे का? बातमीदाराच्या वहीत या प्रश्नांची उत्तरं होती. माझ्यापर्यंत आला तो फक्त पत्ता.

तुम्ही म्हणाल, एवढं सांगत बसायला वेळ कुठे आहे. वेळेचाच हिशेब करू या. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या वृत्तपत्राने हाफटोन पद्धतीने, म्हणजे बारीक ठिपक्यांतून, फोटो छापून दाखवला, तेव्हापासून या व्यवसायाची निम्मी धडपड फोटो लवकर पोचवण्याची आहे. १९३५ च्या जानेवारीत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तारेवरून फोटो पाठवण्याची सेवा सुरू केली. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ हा डिजिटल कॅमेरा आला आणि पुढच्या काही वर्षांत ऑफिसातल्या डार्करूम बंद झाल्या. पूर्वी फिल्म घेऊन परत यावं लागे, ती धुवा, वाळवा, प्रिंट काढा. आता मैदानात बसल्या बसल्या कॅमेऱ्यातूनच फोटो डेस्कवर जातो. हा जो वेळ वाचला तो खरं तर जागेवर थांबण्यासाठी मिळायला हवा होता. त्या वेळात आमच्या अंगावर वाढीव असाइनमेंट पडल्या. पूर्वी एखाद्या ठिकाणी गेलं की लोक कॅमेरा विसरेपर्यंत थांबता यायचं. आता पहिल्या दहा मिनिटांत, लोक अजून कपडे सावरत असतानाच, पुढच्या ठिकाणाची ओळ येते. हसून उभ्या राहिलेल्या माणसांच्या रांगा पानापानांवर का दिसतात, याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे: मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे, बातमीदारच फोटो काढून आणेल. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये वीजी या नावाने ओळखला जाणारा छायाचित्रकार गाडीत पोलिसांचे संदेश ऐकू येणारा रेडिओ बसवून रात्रभर फिरायचा आणि घटनेच्या जागी सगळ्यांच्या आधी पोचायचा. आज तसं पहिलं पोचणं आमच्या हातात राहिलेलं नाही. २००९ मध्ये हडसन नदीवर विमान उतरलं, तेव्हा जगभर गेलेला पहिला फोटो फेरीबोटीतल्या एका प्रवाशाने फोनवर काढलेला होता. तो उत्तम होता, आणि छापायलाच हवा होता. घटना समोर घडली आणि हातात फोन होता, तर सामान्य माणूस फोटो काढणारच, आणि बातमीसाठी ते चांगलंच आहे.

पण यातून काही व्यवस्थापनांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ३० मे २०१३ रोजी ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपला छायाचित्र विभाग एका दिवसात बंद केला. २८ जणांची नोकरी गेली, त्यात १९८२ चं पुलित्झर पारितोषिक मिळवलेले जॉन एच. व्हाइट होते. बातमीदारांना फोनवर फोटो काढायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. पुढे कामगार संघटनेशी तडजोड होऊन त्यांतल्या चौघांना परत घ्यायचं ठरलं. बातमीदार फोटो काढू शकतो, प्रश्न त्याचा नाही. प्रश्न माणसाला एका वेळी एकच गोष्ट नीट बघता येते हा आहे. समोरचा काय बोलतो ते तो टिपून घेत असतो तेव्हा त्याची नजर वहीत असते, आणि बोलणाऱ्याच्या मागे उभी असलेली बाई डोळे पुसते ती नेमकी त्याच वेळी. ते बघायला दुसरा माणूस लागतो, आणि ती बाई कोण हे त्या माणसाला माहीत असावं लागतं. पहिलं पोचायचं काम आता रस्त्यावरचा कोणीही करेल. मग आमच्याकडून तुम्हाला हवं आहे ते बातमी समजून बघणं. आणि नेमकी बातमीच तुम्ही आमच्यापासून दूर ठेवता.

फोटोओळीचं थोडक्यात सांगतो. आम्ही धावतपळत नावं विचारतो, स्पेलिंग तपासतो, डावीकडून कोण कोण ते फाइलमध्येच लिहून पाठवतो. पानावर येताना त्यातलं निम्मं गळतं आणि ‘मान्यवर’ उरतात. श्रेयाच्या जागी ‘प्रतिनिधी’ एवढंच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण ज्यांचा गौरव करतो त्या होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. तो काळ वेगळा होता. आज नाव छापायला एका ओळीची जागा लागते आणि चुकीच्या फोटोची जबाबदारी कोणाची, हेही त्याच ओळीत कळतं.

पान लावताना कधी कधी ‘तो मागचा खांब काढून टाक’ असंही सांगितलं जातं. हे बंद व्हायला हवं. २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या छायाचित्रकाराने दोन फ्रेम जोडून एक फोटो केला, आणि वृत्तपत्राने त्याला तडकाफडकी काढून टाकलं. तो निर्णय योग्य होता. तोच नियम डेस्कलाही लावा. यंत्राने बनवलेली चित्रं आता कोणालाही क्षणात मिळतात, आणि म्हणूनच कॅमेरे बनवणारे फोटोबरोबर त्याच्या उगमाची डिजिटल नोंद ठेवायला लागले आहेत. लायकाने २०२३ मध्ये एम११-पी या कॅमेऱ्यात ती सोय दिली. सोय चांगली आहे. पण वाचकाने उद्या ‘हे खरंच असं झालं का?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायला तिथे उभा असलेला माणूस लागेल, आणि समोर काय चाललं होतं हे त्याला कळलेलं असावं लागेल.

जिवाचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. बातमीदाराला काही माहिती फोनवरून घेता येते. आम्हाला समोरच जावं लागतं. रॉयटर्स वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाक इथे मारले गेले, ते तिथे अफगाण सैन्याबरोबर राहून युद्ध टिपत होते. युद्धात सगळे धोके आधी सांगता येत नाहीत, हे मला समजतं. पण शहरातल्या मोर्चाचे सांगता येतात. मार्ग कुठला, दुसरा गट कुठे जमणार आहे, मागच्या वेळी दगडफेक कोणत्या चौकात झाली, हे तुमच्या गुन्हे वार्ताहराला तोंडपाठ असतं. आमच्यापैकी किती जणांना ते निघण्याआधी सांगितलं जातं, हे तुमच्याच ऑफिसात विचारून बघा.

म्हणून मागणं असं आहे. सकाळच्या बैठकीत आमच्यापैकी एकाला खुर्ची द्या, आणि त्याचं मत विचारा. कोणत्या बातमीला फोटो लागेल आणि कोणत्या बातमीत बघण्यासारखं काहीच नाही, हे तो तुम्हाला तिथेच सांगेल. त्यातून दिवसाच्या दोन असाइनमेंट सहज कमी होतील. ज्या दिवशी तेही जमणार नाही त्या दिवशी निरोप एका ओळीचा नको, पाच ओळींचा पाठवा: बातमी काय, वाद कशात, लक्ष कोणावर ठेवायचं, तिथे ओळखीचं कोण, आणि पानावर जागा उभी धरली आहे की आडवी. दुःखाच्या घरी पाठवण्याआधी घरच्यांशी कोण बोललं ते कळवा. संध्याकाळी पान लावताना फोटो काढणाऱ्याला एक फोन करा, आणि हाती आलेला फोटो सकाळी धरलेल्या जागेपेक्षा मोठा असेल तर मजकूर कापायची तयारी ठेवा. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, याची मला जाणीव आहे.

आमच्या बाजूने आम्ही ठरवलं आहे. सकाळपाळीचा माणूस रस्त्यावर असतो, म्हणून बैठकीला रात्रपाळीचा येईल. झोप अपुरी राहील, पण सगळ्यांनी होकार दिला आहे. येत्या सोमवारपासून महिनाभर हे करून बघू. महिना झाल्यावर आधीची तीस पानं आणि नंतरची तीस पानं एका टेबलावर मांडू, तुम्ही आणि आम्ही मिळून बघू, आणि मग पुढचं ठरवू. बैठकीची वेळ तेवढी कळवा.

आपला,
एक वृत्तछायाचित्रकार